भिंत आधी, तुरुंग नंतर

सांगलीच्या एका वाचक भगिनींनी सिडनी शहरातील डार्लिंगहर्स्ट या जुन्या तुरुंगाविषयी विचारलेला प्रश्न आम्ही गेल्या अंकातील ‘वाचक विचारतात’ या सदरात थोडक्यात छापला होता आणि उत्तर पुढील अंकात देऊ असे कळवले होते. मधल्या काळात त्याच विषयावर आणखी काही वाचकांची पत्रे आली. सर्वांचे प्रश्न एकाच वास्तूभोवती फिरत असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे सलग देत आहोत.

प्रश्न : माझा भाचा सिडनीच्या नॅशनल आर्ट स्कूलमध्ये चित्रकला शिकतो. ही शाळा जुन्या तुरुंगात भरते असे तो सांगतो. तिच्या बाहेरच्या उंच भिंतीतील अनेक दगडांवर टाकीने कोरलेल्या लहान लहान खुणा आहेत. त्या पाथरवटांच्या आहेत असे एकाने सांगितले, तर कैद्यांच्या आहेत असे दुसऱ्याने. यातले खरे काय? (सांगली)

उत्तर : दोघांनीही खरेच सांगितले आहे, कारण ही भिंत घडवणारे पाथरवट स्वतःच कैदी होते.

हे नीट समजण्यासाठी सिडनी ज्या वसाहतीत होते त्या न्यू साउथ वेल्सची घडण लक्षात घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये शिक्षा झालेल्या माणसांना जहाजात घालून न्यू साउथ वेल्समध्ये पाठवण्यास १७८८मध्ये सुरुवात झाली आणि १८४०मध्ये हा क्रम बंद होईपर्यंत सुमारे ८०,००० स्त्री-पुरुष तिथे उतरवले गेले. काळ्या पाण्याची शिक्षा म्हटली की आपल्या मनात अंदमानची कोठडी उभी राहते. परंतु सिडनीला आलेल्या या हद्दपारांपैकी बहुतेकांचे दिवस कोठडीत गेले नाहीत. त्यांची शिक्षा श्रमाची होती. कोणाला एखाद्या जमीनदाराच्या शेतावर नेमून दिले जाई, कोणाला घरकामाला, आणि ज्यांच्या हातात सुतारकी, लोहारकी किंवा दगड घडवण्याचे कसब असे त्यांना सरकार स्वतःकडे ठेवून घेई. रस्ते, गोदामे, चर्च, बराकी आणि न्यायालये या माणसांच्या हातून उभी राहिली. डार्लिंगहर्स्टची भिंतही अशाच सरकारी टोळ्यांनी १८२०च्या दशकाच्या आरंभी बांधायला घेतली आणि ती १८२४मध्ये पूर्ण झाली.

आपल्या भाच्याने पाहिलेल्या खुणा या कामाच्या हिशेबाच्या आहेत. कोणत्या माणसाने किती चिरे घडवले हे मुकादमाला मोजता यावे यासाठी प्रत्येकाने आपापल्या चिऱ्यावर ठरलेले चिन्ह करायचे, अशी पद्धत होती. जगभरचे पाथरवट अशी चिन्हे करीत आले आहेत, कारण नगावर मजुरी मिळत असेल तर आपला नग ओळखता आला पाहिजे. डार्लिंगहर्स्टच्या खुणांमागे मात्र मजुरी नव्हती. शिधा होता, आणि काम कमी भरले तर चाबकाची भीती होती. त्यामुळे या खुणांना कलावंताची सही मानण्याचा मोह आवरावा असे मला वाटते. त्या हजेरीच्या नोंदी आहेत. तरीही, ज्यांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत अशा माणसांनी स्वतःच्या हाताने मागे ठेवलेले दुसरे काहीही त्या भिंतीत नाही, आणि म्हणूनच मी त्या खुणांना फार मोलाचे मानतो.

प्रश्न : एका पर्यटन पुस्तिकेत मी वाचले की डार्लिंगहर्स्टची भिंत पूर्ण झाल्यावर आतली जागा बारा वर्षे मोकळी होती. कैदीच नसलेल्या जागेभोवती कोट बांधण्याचा हा प्रकार घडला कसा? (मुंबई)

उत्तर : पैसा संपला, हे त्याचे थोडक्यात उत्तर आहे, पण हकीकत एवढ्यावर थांबत नाही.

तुरुंगाची कल्पना गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांच्या कारकिर्दीतली. १८१० ते १८२१ या काळात त्यांनी सिडनीला छावणीच्या अवस्थेतून बाहेर काढून शहराचे रूप देण्याचा ध्यास घेतला होता. या मॅक्वारींचा आपल्या मुंबईशी जवळचा संबंध होता, हे आपण मुंबईहून लिहिता म्हणून मुद्दाम सांगतो. ७७व्या पलटणीबरोबर ते १७८८मध्ये मुंबईत आले, श्रीरंगपट्टणच्या १७९२ आणि १७९९ अशा दोन्ही मोहिमांत होते, आणि १७९३मध्ये त्यांनी मुंबईतच जेन जार्विस हिच्याशी विवाह केला. जेन १७९६मध्ये मकाऊ येथे क्षयाने वारली. तिचा देह त्यांनी समुद्रमार्गे परत आणला आणि १७९७च्या जानेवारीत मुंबईत दफन केला.

सिडनीतील त्यांच्या बांधकामांवर लंडनचे सरकार खूश नव्हते. हद्दपारांची वसाहत म्हणजे गुन्हेगारांना धाक बसवणारी जागा असावी, तिथे देखण्या इमारतींवर खर्च कशाला, असा तिकडचा सूर होता. चौकशीसाठी पाठवलेले आयुक्त जॉन थॉमस बिग यांनी १८१९पासून वसाहतीची पाहणी केली आणि मॅक्वारींच्या उधळपट्टीवर कठोर टीका केली. मॅक्वारी पायउतार झाल्यावर त्यांची अनेक कामे मंदावली. डार्लिंगहर्स्टची भिंत तेवढी पुरी झाली आणि आतल्या इमारतींसाठी पैसाच उरला नाही. शहराबाहेरच्या उंच टेकाडावर चारी बाजूंनी घडीव दगडांचा कोट आणि आत मोकळे रान, असे ते दृश्य १८३६पर्यंत तसेच होते. मधल्या काळात तिथे आलेले गव्हर्नर राल्फ डार्लिंग यांच्या पत्नीवरून त्या टेकाडाला डार्लिंगहर्स्ट हे नाव मिळाले, आणि त्याच टेकाडाच्या उतारावर प्रतिष्ठितांना बंगल्यांसाठी जमिनी दिल्या गेल्या. ही सारी जमीन मुळात गडिगल या मूलनिवासी लोकांची होती. बंगले बांधताना किंवा कोट उभारताना त्यांना कोणी विचारले नाही.

इकडे शहरातला जॉर्ज स्ट्रीटवरचा जुना तुरुंग इतका खचाखच भरला होता की नवा तुरुंग टाळणे अशक्य झाले. १८३६मध्ये वसाहतीचे वास्तुविशारद मॉर्टिमर लुईस आणि लष्करी अभियंते जॉर्ज बार्नी यांच्या देखरेखीखाली आतले काम सुरू झाले आणि जून १८४१मध्ये जुन्या तुरुंगातील कैद्यांना बेड्या घालून भर रस्त्याने चालवत इथे आणण्यात आले. या तारखेकडे लक्ष द्यावे. हद्दपारांची जहाजे सिडनीला येणे आदल्याच वर्षी थांबले होते. म्हणजे ज्यांनी हा तुरुंग बांधला त्यांची प्रथा संपत असताना तो उघडला, आणि पुढील त्र्याहत्तर वर्षे त्यात मुख्यतः वसाहतीने स्वतः शिक्षा ठोठावलेली माणसे राहिली.

प्रश्न : या तुरुंगाचा आराखडा चाकाच्या आऱ्यांसारखा आहे असे नकाशावरून दिसते. अंदमानचे सेल्युलर जेलही तसेच आहे. दोन्ही एकाच माणसाने आखले होते काय? (नागपूर)

उत्तर : माणूस एक नव्हता, पण विचाराचे कूळ एकच होते.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८२९मध्ये जॉन हॅविलंड यांनी आखलेला ईस्टर्न स्टेट हा तुरुंग सुरू झाला. एका मध्यापासून सर्व दिशांना पसरलेल्या लांब ओळी आणि प्रत्येक ओळीत एका माणसासाठी एक कोठडी, अशी त्याची रचना होती. कैद्याला दुसऱ्या कैद्याचे तोंड दिसू नये, एकांतात त्याने आपल्या कृत्याचा विचार करावा आणि त्यातून त्याला पश्चात्ताप व्हावा, अशी त्यामागची धारणा. हे तत्त्व मांडणारे लोक स्वतःला दयाळू समजत होते, आणि फटके व फाशी यांच्या तुलनेत ते तसे होतेही; परंतु महिनोन् महिने माणसाचा आवाज ऐकू न आल्यामुळे माणसाच्या मनाचे काय होते याचा अंदाज त्यांना आला नाही.

हाच नमुना सिडनीला समोर ठेवण्यात आला, मात्र त्यात एक फरक होता. फिलाडेल्फियात सर्व ओळी मध्यभागी एकमेकींना जोडलेल्या आहेत. डार्लिंगहर्स्टमध्ये कोठड्यांच्या सहा इमारती सुट्या उभ्या आहेत आणि त्यांच्या मधोमध गोलाकार प्रार्थनामंदिर आहे. सर्व काम १८८५पर्यंत रेंगाळत चालले होते. आणि एकांताचे तत्त्व? ते कागदावरच राहिले. तुरुंग सुरू झाल्यापासून गर्दी वाढत गेली आणि एकासाठी आखलेल्या कोठडीत अनेकांना कोंबावे लागले. पहिला मुख्य तुरुंगाधिकारी हेन्री केक हा भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर १८४९मध्ये बडतर्फ झाला. पुढे १८६४मध्ये शेरीफ झालेल्या हॅरल्ड मॅक्लीन यांनी वर्गवारी, कारखान्यातील काम आणि चांगल्या वर्तनाला सवलत अशी शिस्त आणली, तेव्हा कुठे कारभाराला वळण लागले.

सेल्युलर जेल याच्या पुष्कळ नंतरचे, १८९६ ते १९०६ या काळात बांधलेले. तिथे सात ओळी होत्या, मध्ये टेहळणीचा मनोरा होता, आणि एका ओळीचे दरवाजे दुसऱ्या ओळीच्या पाठीकडे असल्याने कैद्यांना परस्परांशी संपर्क ठेवता येत नसे. बांधकामाच्या विटा ब्रह्मदेशातून आणल्या होत्या. विनायक दामोदर सावरकर १९११मध्ये तिथे नेले गेले आणि त्यांचे बंधू बाबाराव त्याआधीपासून तिथे होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. फिलाडेल्फियात पश्चात्तापासाठी म्हणून योजलेला एकांत ऐंशी वर्षांनी अंदमानात राजबंद्यांचे मनोधैर्य मोडण्यासाठी वापरला गेला. सिडनीचा तुरुंग या प्रवासातला मधला मुक्काम आहे, असे आपण समजण्यास हरकत नाही.

प्रश्न : तिथे फाशी जाहीरपणे दिली जात असे काय? कोणत्या प्रसिद्ध व्यक्तींना तिथे फाशी झाली? (कोल्हापूर)

उत्तर : होय, आरंभीच्या वर्षांत जाहीरपणे. तुरुंगाच्या मुख्य दरवाजाबाहेर, फोर्ब्स स्ट्रीटवर वधस्तंभ उभारला जाई आणि लोक तिथे जत्रेसारखे जमत. पहिली फाशी ऑक्टोबर १८४१मध्ये झाली. १८५०च्या दशकात कायदा बदलून फाशी भिंतीच्या आत नेण्यात आली. १९०७पर्यंत सत्तरहून अधिक जणांना इथे फाशी देण्यात आली.

‘प्रसिद्ध’ हा शब्द इथे जपून वापरावा लागेल. तरी काही प्रकरणे सांगण्यासारखी आहेत. जॉन नॅचबुल हा इंग्लंडमधील एका सरदार घराण्यातला, नौदलात अधिकारी राहिलेला माणूस. चोरीपायी हद्दपार होऊन तो सिडनीला आला आणि १८४४च्या जानेवारीत त्याने एलेन जेमिसन या विधवा दुकानदार बाईचा कुऱ्हाडीने खून केला. त्याचे वकील रॉबर्ट लो यांनी न्यायालयात असा युक्तिवाद केला की माणसाची बुद्धी शाबूत असूनही त्याची इच्छाशक्ती रोगट असू शकते आणि अशा माणसाला पूर्ण जबाबदार धरता येत नाही. युक्तिवाद फेटाळला गेला आणि १३ फेब्रुवारी १८४४ रोजी हजारोंच्या जमावासमोर नॅचबुलला फाशी झाली. हेच लो पुढे ब्रिटनचे अर्थमंत्री झाले. मला या हकीकतीत अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की खून झालेल्या बाईची दोन पोरकी मुले लो दांपत्याने आपल्या घरी वाढवली.

१८६८मध्ये सिडनीच्या क्लोन्टार्फ येथे वनभोजनाच्या वेळी महाराणी व्हिक्टोरिया यांचे पुत्र प्रिन्स आल्फ्रेड यांच्यावर हेन्री जेम्स ओफॅरल याने गोळी झाडली. राजपुत्र वाचले, परंतु आरोपीच्या मनोरुग्णतेचा पुरावा पुढे असूनही सहा आठवड्यांच्या आत त्याला फाशी देण्यात आली. राजपुत्राच्या बचावाच्या आनंदाप्रीत्यर्थ जमलेल्या वर्गणीतून जे रुग्णालय उभे राहिले ते आजही सिडनीत चालू आहे.

अँड्र्यू जॉर्ज स्कॉट, ज्याला लोक कॅप्टन मूनलाइट म्हणत, हा दरोडेखोर २० जानेवारी १८८० रोजी इथे फासावर गेला. शेवटच्या दिवसांत त्याने कोठडीतून पत्रे लिहिली आणि चकमकीत मेलेल्या जेम्स नेस्बिट या आपल्या जिवलग साथीदाराशेजारी आपल्याला पुरावे अशी विनंती केली. ती मानली गेली नाही. एकशे पंधरा वर्षांनी, १९९५मध्ये, त्याचे अवशेष गुंडागाई या गावी नेऊन त्याची इच्छा पूर्ण करण्यात आली.

आणि जिमी गव्हर्नर. हा मूलनिवासी वंशाचा तरुण कुंपण घालण्याची कामे करी. त्याने गोऱ्या मुलीशी लग्न केले होते आणि त्यावरून तिला व त्याला टोमणे ऐकावे लागत. जुलै १९००मध्ये ब्रीलाँग येथे त्याच्या संतापाचा स्फोट झाला, आणि त्या रात्री व पुढील दिवसांत बायकामुलांसह नऊ माणसे मारली गेली. १ जानेवारी १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या वसाहती एकत्र येऊन नवे राष्ट्र जन्माला आले, आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेला जिमीला डार्लिंगहर्स्टमध्ये फाशी झाली. त्याने केलेल्या हत्यांचे समर्थन कोणीही करू नये. परंतु नव्या राष्ट्राच्या समारंभांच्या कमानी उभ्या असलेल्या शहरात, त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी एकासाठी याच महिन्यात फाशीचा दोर वळला जात होता, ही गोष्ट वाचताना मन थबकते.

प्रश्न : या तुरुंगात स्त्रियाही होत्या काय? त्यांच्याविषयी कुठेच काही वाचायला मिळत नाही. (पुणे)

उत्तर : पहिल्या दिवसापासून होत्या. दारू पिऊन रस्त्यात सापडणे, किरकोळ चोरी, भटकेपणा अशा लहान अपराधांसाठी त्यांना आत टाकले जाई आणि त्यांतल्या अनेक जणी पुन्हा पुन्हा येत, कारण बाहेर त्यांना आसरा नव्हता. त्यांच्यासाठी स्वतंत्र इमारत होती.

एका स्त्रीचे नाव मात्र नोंदीत ठळक आहे. लुइझा कॉलिन्स या बॉटनी येथे राहणाऱ्या गरीब बाईवर दोन पतींना आर्सेनिक देऊन मारल्याचा आरोप होता. १८८८मध्ये तिच्यावर चार खटले चालले. पहिल्या तीन खटल्यांत ज्यूरीचे एकमत झाले नाही. घरात उंदरांच्या विषाचा डबा होता, अशी साक्ष देण्यासाठी तिची लहानगी मुलगी मे हिला पिंजऱ्यात उभे करण्यात आले. चौथ्या वेळी ज्यूरीने तिला दोषी ठरवले. एकाच वर्षात एका बाईला चार वेळा खटल्यासमोर उभे करून मग फासावर देणे अनेकांना सहन झाले नाही. विधिमंडळात चर्चा झाली, गव्हर्नरांकडे दयेचे अर्ज गेले, त्यांत स्त्रियांचेही अर्ज होते. ज्या काळात स्त्रीला मत देता येत नव्हते, ज्यूरीत बसता येत नव्हते आणि कायदा करण्यात तिचा काडीचाही वाटा नव्हता, त्या काळात तिला तोच कायदा पुरुषाच्या बरोबरीने फासावर चढवू शकत होता, हा मुद्दा तेव्हाच मांडला गेला. दया मिळाली नाही. ८ जानेवारी १८८९ रोजी तिला डार्लिंगहर्स्टमध्ये फाशी देण्यात आली, आणि न्यू साउथ वेल्समध्ये फाशी झालेली ती शेवटची स्त्री ठरली.

ती दोषी होती की नाही यावर आजही मतभेद आहेत. माझ्या मते, तीन ज्यूरींना जो संशय फेडता आला नाही त्याचा फायदा तिला मिळायला हवा होता.

प्रश्न : मी भूशास्त्राचा विद्यार्थी आहे. सिडनीचा पिवळा वालुकाश्म आणि आपला काळा पाषाण यांत बांधकामाच्या दृष्टीने काय फरक पडतो? तो दोनशे वर्षे टिकला कसा? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपण वेरूळच्या सावलीत राहता, तेव्हा कठीण बेसाल्ट फोडताना टाकी कशी बोथट होते हे आपल्याला सांगायला नको. आपला दगड लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सिडनीचा हॉक्सबरी वालुकाश्म त्याहून कितीतरी जुना, सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूचा. त्यात मुख्यतः गारेचे कण आहेत आणि त्यांना धरून ठेवणारी चिकणमाती व लोहयुक्त खनिजे आहेत.

या दगडाचे दोन गुण बांधणाऱ्यांना विशेष उपयोगी पडले. एक, खाणीतून काढल्यावर तो ओलसर आणि तुलनेने मऊ असतो, त्यामुळे सहज घडवता येतो. हवेत राहिल्यावर त्याचा पृष्ठभाग कडक होतो. दोन, ताजा असताना तो फिकट करडा दिसतो, पण आतल्या लोहाचे हवेत ऑक्सिडीकरण होऊन काही काळाने त्याला मधासारखा सोनेरी रंग चढतो. सूर्य मावळताना ही भिंत जी उजळून निघते ती या लोहामुळे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कुर्ल्याच्या करड्या दगडाबरोबर वापरलेला मालाडचा पिवळसर दगड पाहून अनेकांना तो वालुकाश्म वाटतो. पण तो ज्वालामुखीय आहे, हे आपण मित्रांना दाखवू शकाल.

सिडनीच्या खाणकामगारांनी पुढे पिर्मोंट येथील तीन खाणींना स्वर्ग, शुद्धिलोक आणि नरकाचे विवर अशा अर्थाची नावे दिली होती, ती दगड काढणे किती सोपे वा अवघड यावरून. गारेची ती बारीक धूळ फुप्फुसांत साचून पाथरवटांना सिलिकोसिस होई. आपल्याकडे राजस्थानातील वालुकाश्माच्या खाणींत आजही तोच रोग माणसे खातो आहे.

टिकण्याविषयी बोलायचे तर हा दगड अजिंक्य नाही. समुद्र जवळ असल्याने खारट दमटपणा दगडात मुरतो, मीठ स्फटिकरूप होताना कणांना ढकलते आणि पापुद्रे सुटतात. मूळ दरजांत चुना होता. सिडनीच्या परिसरात चुनखडी नसल्यामुळे सुरुवातीच्या काळात शिंपले जाळून चुना केला जाई, आणि त्यासाठी मूलनिवासींनी हजारो वर्षे किनाऱ्यावर रचत आणलेले शिंपल्यांचे ढीगही उपसले गेले. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ असल्याने ओल तिच्यातून बाहेर पडते. नंतरच्या काळात अशा इमारतींत सिमेंट भरले गेले की ओलीची ती वाट बंद होते आणि दगडच झिजू लागतो. आपल्या किल्ल्यांच्या डागडुजीत चुन्याची घाणी पुन्हा सुरू करण्याचा आग्रह जाणकार धरतात, तो याच कारणासाठी.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या जुन्या नोटेवर या तुरुंगातील कैद्याचे चित्र होते असे ऐकले. हे खरे आहे काय? (नाशिक)

उत्तर : खरे आहे. १९६६मध्ये निघालेल्या दहा डॉलरच्या कागदी नोटेच्या एका बाजूला कवी-कथाकार हेन्री लॉसन यांचे चित्र होते. पत्नीला व मुलांना ठरवून दिलेली पोटगी न भरणे आणि दारू या कारणांनी १९०५पासून पुढील काही वर्षांत ते अनेकदा डार्लिंगहर्स्टमध्ये गेले. तिथे त्यांचा क्रमांक १०३ होता आणि तेच आकडे शीर्षकात घालून त्यांनी तिथल्या अर्धपोटी दिनक्रमावर कविता लिहिली. ‘स्टार्व्ह’ म्हणजे उपाशी मारणे, या क्रियापदावरून त्यांनी तुरुंगाचे नाव ‘स्टार्व्हिंगहर्स्ट’ असे फिरवले होते. सप्टेंबर १९२२मध्ये ते वारले तेव्हा त्याच राष्ट्राने त्यांना सरकारी इतमामाने निरोप दिला.

नोटेच्या दुसऱ्या बाजूला फ्रान्सिस ग्रीनवे होते. डार्लिंगहर्स्टच्या तुरुंगाची कल्पना निघाली तेव्हाचे सरकारी वास्तुविशारद तेच. इंग्लंडमध्ये एका करारपत्रात खोटा मजकूर घातल्याबद्दल त्यांना मृत्युदंड झाला होता. तो कमी होऊन चौदा वर्षांच्या हद्दपारीवर आला आणि १८१४मध्ये ते कैदी म्हणून सिडनीला उतरले. बनावट दस्तऐवजासाठी शिक्षा झालेल्या माणसाचे चित्र एखाद्या देशाने चलनावर छापावे, आणि तेही अभिमानाने, हे मला फार सुंदर वाटते. ही नोट १९९३पर्यंत छापली जात होती.

प्रश्न : तुरुंग कधी बंद झाला? आज आत जाता येते काय? (पणजी)

उत्तर : शहर वाढत वाढत भिंतीला येऊन भिडल्यावर लाँग बे येथे नवे तुरुंग बांधले गेले आणि १९१४मध्ये डार्लिंगहर्स्ट रिकामे झाले. पहिल्या महायुद्धात शत्रुदेशांच्या नागरिकांना काही काळ इथे ठेवले होते. १९२१मध्ये जागा शिक्षण खात्याकडे आली आणि पुढच्याच वर्षी तांत्रिक महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले. त्यातील कलाविभागच आजचे नॅशनल आर्ट स्कूल. कोठड्यांच्या भिंती पाडून चित्रशाळा झाल्या. स्त्रियांच्या इमारतीचे मजले काढून तिचे नाट्यगृह झाले, ज्याच्या उंच दगडी भिंतींवर कोठड्यांच्या खुणा दिसतात. शेजारी मॉर्टिमर लुईस यांनी बांधलेले ग्रीक धाटणीच्या खांबांचे न्यायालय आहे, आणि कैद्यांना नेण्यासाठी केलेला भुयारी मार्ग त्याला तुरुंगाशी जोडत होता.

आवारात पाहुण्यांना जाता येते, मात्र वर्ग चालू असतात याचे भान ठेवावे. पाथरवटांच्या खुणा पाहण्यासाठी आत जाण्याची गरज नाही. फोर्ब्स स्ट्रीट, बर्टन स्ट्रीट आणि डार्लिंगहर्स्ट रोड यांवरून भिंतीच्या कडेने चालत जावे.

सांगलीच्या भगिनींनी पत्राच्या शेवटी विचारले आहे की भाच्याने कागद आणि पेन्सिल घासून त्या खुणांचे ठसे घेतले तर चालेल काय. कृपया घेऊ नयेत असे त्याला कळवावे. दोनशे वर्षांच्या उन्हापावसाने त्या दगडाचा वरचा थर सैल झाला आहे आणि थोड्याशा घर्षणानेही कण गळतात. त्याऐवजी सकाळी लवकर किंवा सायंकाळी, ऊन भिंतीवर तिरके पडत असताना छायाचित्रे काढावीत. उथळ रेघाही तेव्हा सावलीमुळे स्पष्ट उठून दिसतात. ती आमच्याकडे पाठवल्यास पुढील अंकात अवश्य छापू.